अकराच्या जागी अकरा

तालुक्याच्या एका गावी, सार्वजनिक वाचनालयात, एकदा एक कागद पुस्तकातून खाली पडला. दोन बोटं रुंद, पिवळा पडलेला, कडेला कसरीने खाल्लेला. तो पडला तेव्हा कुणाचंही काही बिघडलं नाही. बिघडायला एक दिवस लागला.

त्या वाचनालयाचे ग्रंथपाल वयोवृद्ध होते. आयुष्यभर शाळेत मराठी शिकवलं आणि निवृत्तीनंतर इथल्या खुर्चीत येऊन बसले. सगळं गाव त्यांना नाना म्हणे. नानांचा एक गुडघा दुखरा, बोलणं मोजकं, आणि टेबलावर कायम बिस्किटांचा एक रिकामा पत्र्याचा डबा. त्या वर्षी वाचनालयाची सरकारी तपासणी यायची होती. म्हणून मे महिन्याच्या सुट्टीत हायस्कुलातली नववीची चौदा मुलं-मुली स्वयंसेवक म्हणून मदतीला आली. काम साधं होतं. कपाटातून पुस्तक काढायचं, झटकायचं, पुसायचं, वहीतल्या क्रमांकावर खूण करायची आणि परत जागेवर ठेवायचं.

पहिल्याच दिवशी नानांनी डबा पुढे केला. म्हणाले, "पुस्तकं झटकाल तेव्हा आतून काय काय पडेल. एसटीचं तिकीट पडेल, पिंपळाचं पान पडेल, कुणाचं पत्र पडेल. काहीही पडलं तरी टाकायचं नाही. कुठल्या पुस्तकातून पडलं ते मला सांगायचं आणि या डब्यात ठेवायचं."

तौफिक नावाचा एक मुलगा होता, त्याच्या जिभेला हाड नव्हतं. तो म्हणाला, "नाना, वाळलेली पाल पडली तर?"

"तीही दाखव. कोणत्या पानात होती तेवढं लक्षात ठेव."

मुलं हसली. नाना हसले नाहीत.

या मुलांत हर्षदा सगळ्यात चपळ. तिची आई घरी ब्लाउज शिवायची आणि मुलीलाही हाताला उसंत नको अशी सवय लावली होती. मुलांनी आपसात दोन गट पाडले आणि कुणाची कपाटं आधी होतात याची शर्यत लागली. दुसऱ्या दिवसापर्यंत हर्षदाच्या गटाची पाच झाली, समोरच्यांची सहा. आता प्रत्येक चिटोऱ्यासाठी नानांच्या टेबलापर्यंत जायचं, त्यांनी चष्मा पुसायचा, कागद उजेडात धरायचा, मग मान हलवायची. एवढ्यात दहा पुस्तकं झटकून होतात.

अशात तिच्या हाती एक जुनं पिवळं पुस्तक आलं. वर पाळण्याचं चित्र, आत तान्ह्या बाळांची निगा कशी राखावी याची माहिती. झटकलं तसा तो कागद पडला. हर्षदाने उचलून वाचला.

"तौफिक, हे ऐक. 'शुद्धिपत्र. पान ४७, ओळ ९. जायफळ अकरा वेढे याऐवजी अकरा वेढा असे वाचावे.'"

"अकराच्या जागी अकरा?"

"तसंच छापलंय. आणि 'अकरा वेढा' काय? व्याकरणही चुकलंय."

तौफिकने कागदात डोकावलं. त्यालाही दोन्ही ठिकाणी आकड्यात अकराच दिसले. पहिला अकरा स्वच्छ होता, दुसऱ्यातली शाई जराशी फुटली होती, एवढाच फरक. तो म्हणाला, "छापणाऱ्याला ऊन लागलं असणार. आणि शुद्धिपत्र म्हणजे काय गं?"

"काय माहीत. अंघोळ केल्याचं सर्टिफिकेट असेल."

दोघं पोट धरून हसली. नाना पलीकडच्या खोलीत शिडी धरून उभे होते. हर्षदाने एकदा तिकडे पाहिलं, एकदा समोरच्या गटाच्या कपाटाकडे पाहिलं, आणि कागद रद्दीच्या पोत्यात टाकला. पोतं भरत आलं होतं. वरून तिने धुळीचं फडकं झटकलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी नाना तपासणीचे कागद आणायला पंचायत समितीत गेले होते. जाताना देवघेवीच्या टेबलावर हर्षदाला बसवून गेले. दहाच्या सुमाराला एक तरुण बाई धापा टाकत आली. केस विंचरलेले नव्हते, पदराला दुधाचा डाग, आणि सारखं दाराबाहेर लक्ष.

"लहान बाळाचं काही पुस्तक आहे का गं? गुटीबिटी लिहिलेलं. लवकर बघ, शेजारच्या आजींजवळ ठेवून आलेय त्याला."

"आहे ना काकू."

"काकू काय म्हणतेस, चोवीस वर्षांची आहे मी. ताई म्हण." मग तिचा आवाज खाली आला. "तीन रात्री झोपला नाही. हे ड्युटीवर, धरणावर. माझी आई असती तर तिला विचारलं असतं, पुस्तकाला कशाला विचारायला आले असते?"

हर्षदाला भरून आलं. आपण पुसलेलं पुस्तक कुणाच्या तरी उपयोगी पडतंय याचा आनंदही झाला. धावत जाऊन तिने ते पिवळं पुस्तक आणलं आणि ऐटीत सांगितलं, "ताई, गुटीचं पान सत्तेचाळीसवर आहे बघा."

त्या बाईने तिच्या डोक्यावरून हात फिरवला. म्हणाली, "हुशार आहेस हो. पानसुद्धा पाठ."

वहीत नाव लिहिलं गेलं, फोन नंबर आणि पत्ता लिहिला गेला, पाटबंधारे वसाहत, चाळ दुसरी, खोली तिसरी. बाई जशी आली तशी गेली.

दुपारी हर्षदा जेवायला घरी आली. आई मशीनवर होती, पाय चालू, तोंडात टाचण्या. तिने मानेनेच मापाच्या वहीकडे खूण केली आणि टाचण्या काढून म्हणाली, "ते शेवटच्या ब्लाउजचं माप वाच. गळा किती?"

हर्षदाने भाकरीचा घास तोंडात घालत वही उघडली. "एकसष्ट."

मशीन थांबलं. "एकसष्ट इंचांचा गळा? बाई आहे का विहीर?"

"तूच लिहिलंयस. सहा, पुढे एक."

"अगं, साडेसहा ते. सहा आणि पुढे दोन उभ्या रेघा. घाईत चिकटल्या एकमेकींना. दोन रेघा म्हणजे अर्धा. आमचे शिंपी मास्तर असंच लिहायचे, जुनी पद्धत आहे. तुमच्या शाळेत नाही शिकवत?"

हर्षदा वहीकडे बघत राहिली. सहा आणि पुढे चिकटलेल्या दोन रेघा. ६॥. तिच्या डोळ्यांसमोर दुसराच एक आकडा आला, शाई फुटलेला.

"आई, एक आणि पुढे दोन रेघा असतील तर?"

"दीड. त्यात काय?"

'अकरा वेढे याऐवजी दीड वेढा असे वाचावे.' घास तिच्या तोंडात तसाच राहिला. व्याकरण चुकलेलं नव्हतं.

"आई, बाळाच्या गुटीत जायफळाचे अकरा वेढे दिले तर काय होतं?"

आईने मान वर केली. "अकरा? वेडी का काय? सहाणेवर एकदा गोल फिरवलं की एक वेढा. तान्ह्याला एखाद-दुसरा पुष्कळ झाला. जायफळाने गुंगी येते. जास्त झालं तर लेकरू उठायचं नाही. पण तू हे..."

हर्षदा दारातून बाहेर पडली होती. चपला उंबऱ्यातच राहिल्या.

दीड वाजला होता. रस्ता तापला होता, पण तिला पाय भाजल्याचं कळलं नाही. दहा वाजता पुस्तक गेलं. घरी पोचायला वीस मिनिटं. जायफळ घरात असेल, नसेल. नसेल तर शेजारच्या आजी देतील. देवा, आजींच्या घरी जायफळ नसू दे. असं काहीबाही मनाशी बोलत ती वाचनालयात शिरली.

नाना परत आले होते, जेवणाचा डबा उघडून बसले होते.

"नाना, एक पुस्तक परत आणायला हवं. पिवळं, पाळण्याचं."

"का गं?"

"त्याचं... त्याचं एक पान सैल झालंय."

नानांनी तिच्या पायांकडे पाहिलं. "पान सैल झालं म्हणून तू अनवाणी पळत आलीस?"

हर्षदाने टेबलावरच्या पत्र्याच्या डब्याकडे पाहिलं. सांगितलं तर उद्यापासून कोण येऊ देणार इथे? पण ते वाक्य मनात पुरतं होण्याआधीच तिने सगळं सांगून टाकलं. कागद, अकरा, पोतं, सत्तेचाळीस पान, साडेसहाचा गळा. सांगताना क्रम चुकला, पण नानांना कळलं.

नानांनी जेवणाचा डबा झाकला. रागावले नाहीत. वही ओढली, नंबर काढला, फोन लावला. फोन बंद होता. पुन्हा लावला. बंद.

"बाळाचा डोळा लागावा म्हणून बंद केला असेल," ते म्हणाले. "चल."

बाहेर त्यांची जुनी मोपेड होती. दोनदा किक मारली, ती नुसती खोकली. तिसऱ्यांदा दुखऱ्या पायाने मारली तेव्हा सुरू झाली. हर्षदा मागे बसली. कालव्याच्या कडेने जाताना वाटेत एक बैलगाडी आडवी आली, ती निघेपर्यंत हर्षदाने नानांचा सदरा मुठीत इतका आवळला की दोन बटणं ताणली गेली. तिच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. सहाणेवर जायफळ. एक, दोन, तीन. ती मोजत होती आणि अकरावर पोचायचं नाही म्हणून पुन्हा एकपासून सुरू करत होती.

दुसऱ्या चाळीत तिसरं दार. आतून कडी. आत चिडीचूप.

बाळ रडत असतं तर बरं वाटलं असतं. तीन रात्री न झोपलेलं बाळ, आणि आवाज नाही. हर्षदाने दार वाजवलं, जोरात वाजवलं. पावलं वाजली. बाईने ओठांवर बोट ठेवूनच दार उघडलं.

"हळू. आत्ताच डोळा लागलाय त्याचा."

"गुटी दिली?" हर्षदाने विचारलं.

"आत या ना. नाना, तुम्ही? काय झालं?"

"दिली का, ताई?"

"उगाळून ठेवलीय. देणार तेवढ्यात रडता रडताच झोपला. उठला की देते." तिने जमिनीवर बोट दाखवलं. झोळीच्या खाली सहाण होती, शेजारी एक वाटी, आणि वाटीत तपकिरी गंध. "अकरा वेढे म्हणजे हात भरून आला माझा. पण पुस्तकात लिहिलंय म्हटल्यावर मोजून अकरा केले."

हर्षदाने बोलायला तोंड उघडलं. आणि नेमकी त्याच वेळी झोळी हलली. बाळ कण्हलं, मग भोकाड पसरलं. आई गर्रकन वळली, एका हाताने झोळीला झोका दिला आणि दुसरा हात वाटीकडे नेला.

नाना गुडघा दुखत असूनही खाली वाकले आणि त्यांनी आपला पंजा वाटीवर पालथा ठेवला.

बाई चकित होऊन त्यांच्याकडे बघू लागली. नाना मात्र काही बोलले नाहीत. त्यांनी हर्षदाकडे पाहिलं. बाळ टाहो फोडत होतं, आई गोंधळली होती, आणि हा म्हातारा माणूस वाटी झाकून, ओठ मिटून, एका शाळकरी मुलीच्या तोंडाकडे बघत होता.

"ताई, देऊ नका," हर्षदा म्हणाली. "पुस्तकातले अकरा चुकीचे आहेत. ते दीड हवेत. तसं सांगणारा एक कागद होता त्यात. तो मी काढून टाकला. मला तो नीट वाचता आला नाही, आणि विचारायचा कंटाळा केला. नानांनी विचारायला सांगितलं होतं. चूक माझी आहे."

बाई मटकन खाली बसली. बाळाला तिने झोळीतून काढून छातीशी धरलं. मग ती हर्षदाकडे वळली. 

"तू मला पान सांगितलंस. सत्तेचाळीस. मी म्हटलं, केवढी हुशार पोर. मी देवासारखा विश्वास ठेवला गं त्या पुस्तकावर. आणि तुमच्यावर. हा उठला नसता तर मी कुणाला विचारायला गेले असते?"

हर्षदा रडली नाही. रडायचा आपल्याला हक्क नाही असं तिला वाटलं.

बाईने डोळे पुसले. "आता दीड वेढा देऊ का?"

"काही देऊ नका," नाना पहिल्यांदाच बोलले. "पुस्तक वाचण्यासाठी आहे. औषध डॉक्टरांना विचारून. सरकारी दवाखाना चारला उघडतो, मी रिक्षा पाठवतो." त्यांनी वाटी उचलली, मोरीत ओतली आणि पाण्याने विसळून पालथी घातली. मग पिवळं पुस्तक काखेत घेतलं.

परत आल्यावर हर्षदाने कुणाला न सांगता रद्दीचं पोतं ओसरीत उपडं केलं. तौफिक आला, समोर फतकल मारून बसला आणि चिटोरी वेगळी करू लागला. मग म्हणाला, "मी पण हसलो होतो." एवढंच. पाऊण तासाने कागद सापडला. धुळीने माखला होता, पण फाटला नव्हता.

एव्हाना बातमी वाचनालयाच्या चिटणीसांपर्यंत गेली होती. ते तरातरा आले. "नाना, सोमवारी तपासणी आहे. ती ओळ काळ्या शाईने घोटून टाका. नाहीतर पुस्तकच बाद करा. बोभाटा नको."

"ओळ आहे तशी राहील," नाना म्हणाले.

चिटणीसांनी कपाळाला हात लावला. हर्षदालाही कळेना. तीही हातात पेन घेऊनच उभी होती, अकरावर काट मारायला. नानांनी तिच्या हातातलं पेन काढून टेबलावर ठेवलं.

"घरी जा. चपला घाल, जेव, आणि आईकडून सुई आणि पक्का दोरा घेऊन ये."

ती घेऊन आली. नानांनी सत्तेचाळीसावं पान उघडलं, तो कागद चुकीच्या ओळीशेजारी, पाठीच्या शिवणीलगत ठेवला आणि म्हणाले, "शिव."

शिवणकाम हर्षदाच्या हातातलं होतं. तिने तीन टाके घातले. दोरा ओढताना तिने विचारलं, "नाना, चुकीची ओळ खोडली असती तर सोपं झालं नसतं का? आणि तिथे, वाटीवर हात ठेवलात, तर तुम्हीच का नाही बोललात?"

नाना चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, "हे पुस्तक ज्याने लिहिलं त्याला छापून झाल्यावर आपली चूक दिसली. कुणी पकडली नव्हती. तरी त्याने कागद छापला. स्वतःच्या पुस्तकात स्वतःच्या हाताने घातला की, बाबांनो, इथे मी चुकलो. पुस्तकातलं सगळ्यात धैर्याचं पान तेच. फक्त एक झालं. चूक पुस्तकात शिवलेली होती आणि दुरुस्ती सुटी राहिली. चूक आपोआप टिकते, पोरी. दुरुस्ती कुणीतरी जपावी लागते, नाहीतर ती झटकताना पडते. आणि खोडलेली ओळ काही शिकवत नाही. काळा डाग दिसला की माणूस पुढे जातो. चूक आणि दुरुस्ती शेजारी शेजारी दिसली की थांबतो."

"आणि तुम्ही गप्प का राहिलात?"

"वाटी मी झाकू शकत होतो, म्हणून झाकली. ते काम कुणाचंही. पण मी बोललो असतो तर ते सुटं राहिलं असतं. दहा दिवसांनी तुझ्या मनातून झटकलं गेलं असतं. तू बोललीस, म्हणून आता ते शिवलेलं आहे."

हर्षदाने चौथा टाका घातला. त्याची गरज नव्हती, तरी घातला. दोरा दाताने तोडला. मग नानांनी दिलेल्या पेन्सिलीने कागदाच्या खाली बारीक अक्षरात लिहिलं, '१॥ म्हणजे दीड.' आणि खाली आपलं नाव.

तपासणी झाली. तपासनिसांनी ते पान उलटून पाहिलं, टाक्यांवरून बोट फिरवलं आणि पुढचं पुस्तक घेतलं.

त्यानंतर आठवड्याने ती बाई वाचनालयात आली. बाळ कडेवर होतं, टकामका बघत होतं. तिने गोष्टींचं एक पुस्तक निवडलं आणि टेबलाशी आली. टेबलावर हर्षदाच होती.  बाईने ते पुस्तक उलटं धरलं आणि हर्षदाच्या समोरच टेबलावर दोनदा झटकलं. काहीच पडलं नाही.

"यातलं तर काही काढलं नाहीस ना गं?" तिने विचारलं.

तौफिक हसणार होता, थांबला. नानांनी वर पाहिलं नाही.

"नाही ताई," हर्षदा म्हणाली. "ज्यातलं काढलं होतं, ते शिवलंय."

बाईने तिच्याकडे क्षणभर पाहिलं. मग बाळाला दुसऱ्या कडेवर घेतलं, मोकळा झालेला हात पुढे केला आणि म्हणाली, "दाखव बघू."